आत्यानं बघितलेली नर्सिंगची शाळा

ज्या माणसाचं ऋण सगळ्यांत मोठं, त्याचं नाव आधी घ्यावं, म्हणून सांगतो : माझी आत्या. तिला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नव्हतं. माहेरी, म्हणजे आमच्या मुरुडजवळच्या गावात, ती 'हदगाववाली' होती आणि सासरी हदगावला 'मुरुडची'. दोन्हीकडे ती दुसऱ्या गावचीच. आमच्या घरात मात्र ती नुसती आत्या.

आमच्या भावकीत एक काम आत्याकडे होतं. ते तिला कुणी आणि कधी दिलं हे कुणालाच सांगता आलं नसतं. एखाद्या मुलीसाठी स्थळ आलं की हदगावला निरोप जायचा, आणि आत्या एसटीनं येऊन त्या गावाची चौकशी करायची. मुलाच्या घरी ती सगळ्यांत शेवटी पाऊल टाकायची. आधी पिठाच्या गिरणीत दळणाला आलेल्या बायकांत बसायची, मग पाणवठ्यावर तांब्याभर पाणी मागायची, मग बांगड्या भरायला थांबायची. "ज्याच्या घरी द्यायचं त्यालाच काय इचारायचं? त्यो बरंच सांगणार," असं ती म्हणे. तिचा ठरलेला प्रश्न हुंड्याचा किंवा जमिनीचा नव्हता. "ह्या घरातली आधीची सून कुठंय?" एवढाच होता.

तिची एक गोष्ट आमच्याकडे पुष्कळदा सांगितली जायची. एका ठिकाणी मुलाच्या बापानं दारात खिल्लारी बैलांची जोडी बांधली होती आणि चहा पिताना तो बैलांबद्दलच बोलत होता. आत्या हात धुवायला म्हणून उठली आणि जाताजाता दोन्ही दावी सोडून आली. बैल शांतपणे उठले, अंगणाबाहेर पडले आणि गल्लीच्या टोकाला दुसऱ्याच माणसाच्या गोठ्यात जाऊन उभे राहिले. आत्या परत येऊन बसली आणि म्हणाली, "पाव्हनं, तुमचे बैल लई समजूतदार हायेत. न सांगता घरी गेले." ती सोयरीक तिथंच संपली. तेव्हापासून आमच्या घरात खोट्या थाटाला 'उसने बैल' म्हणायची पद्धत पडली.

मी बारावी झालो ती वर्षं दुष्काळाची होती. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. मुरुडच्या बाजारात दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून त्याच्या जागी 'जि. लातूर' रंगवलं जात होतं, आणि रंगाऱ्याला तेवढं एक काम भरपूर होतं. बाकी सगळ्यांनी रोजगार हमीवर खडी फोडायची. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, रस्त्याच्या कामावर होते. एकदा त्यांच्या पावलावर दगड पडला. मी त्यांना मुरुडच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा तिथं पांढऱ्या कपड्यांतल्या एका पुरुषानं त्यांचं पाऊल मांडीवर घेतलं, धुतलं आणि पट्टी बांधली. आमच्यासारख्याचं खडीनं भरलेलं पाऊल असं कुणी मांडीवर घेतलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. लोक त्या माणसाला 'ब्रदर' म्हणत. रोज ड्रेसिंगला जात होतो, तेव्हा एकदा मी ब्रदरना विचारलं की हे कुठं शिकवतात. ते म्हणाले, "नर्सिंग. पोरांनाबी घेतात, जागा कमी असतात."

घरात सांगितलं तेव्हा माय खूश झाली. गावात पारावर बसणाऱ्यांना मात्र पंधरवडा पुरेल एवढा विषय मिळाला. "काय नर्सबाई, सुई कवा टोचणार?" असं विचारल्याशिवाय मला कुणी पुढं जाऊ देईना. आमच्या घरातून शाळेची पायरी ओलांडून पुढं गेलेला मीच पहिला. त्यामुळे कुठं जावं, काय पाहावं, हे सांगणारं कुणी नव्हतं. माहिती मिळाली ती दोन ठिकाणांची. एक नांदेडची, सरकारी दवाखान्याला जोडलेली जुनी शाळा. तिथं शिकताना विद्यावेतन मिळे, पण मुलांसाठी जागा मोजक्या आणि नंबर लागेल की नाही याची खात्री नाही. दुसरी लातूरची, एका संस्थेनं नव्यानं काढलेली. तिथं फी होती, पण जागाही होती, आणि ती आमच्या नव्या जिल्ह्यात होती.

आत्याला पत्र टाकलं. तिचा निरोप आला : सासू अंथरुणाला खिळलीय, मला आत्ता निघता येत नाही, पण मी बघेपर्यंत थांबा. दादांनी तो निरोप ऐकून हात झटकला. "शाळा हाय, सोयरीक न्हाई. तिथं काय गिरणी शोधत बसती?" मग दादा आणि मी लातूरला गेलो.

शाळा बाजाराकडच्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. खाली स्टेशनरीचं दुकान. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'नवीन जिल्ह्यातील पहिले नर्सिंग विद्यालय' आणि खाली नोंदणी क्रमांक. दादांना अक्षरं लावून वाचता येत, त्यांनी क्रमांकाकडे बोट करून मला हळूच म्हटलं, "बघ, सरकारी नंबर हाय." तो नंबर संस्थेच्या नोंदणीचा होता. चार माणसं जमवून कुणीही संस्था काढली तरी तसा नंबर मिळतो, आणि नर्सिंग शिकवायची मान्यता ही निराळी गोष्ट असते, ती नर्सिंग कौन्सिल देते, हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हतं. संस्थेच्या सरांनी आम्हांला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. दादांना कुणी खुर्ची दिली की ते अर्धे विरघळत. सर म्हणाले, "मान्यतेचे कागद वर गेलेत. या वर्षात येईलच. मान्यता आली की समाजकल्याणची स्कॉलरशिपही सुरू. तोवर थोडी फी."

"आन मान्यता यायच्या आधीचं वरीस?" मी विचारलं. एवढं मला सुचलं होतं.

"ते धरलं जातं," सर म्हणाले. "काळजीच नको."

दादांनी शेळ्या विकल्या. चाऱ्याअभावी त्या विकायच्याच होत्या, असं ते स्वतःला समजावत राहिले.

त्या शाळेबद्दल मला आज राग नाही. तिथं एक निवृत्त सिस्टर शिकवायला येत आणि त्यांनी मला चादरीचे कोपरे मोडायला, म्हणजे दुमडून गादीखाली ताठ खोचायला, शिकवले ते आजही माझे हात विसरलेले नाहीत. पण दवाखाना नव्हता. एक रबराची बाहुली होती, तिला आम्ही आळीपाळीनं स्पंज करायचो, तेही कोरड्या बोळ्यानं, कारण पाणी टँकरचं. हात कसे धुवायचे हे फळ्यावर चित्र काढून शिकवलं गेलं. मान्यतेबद्दल विचारलं की सर म्हणायचे, इन्स्पेक्शन झालं की झालं. आम्ही सगळे त्या एका शब्दावर जगत होतो. इन्स्पेक्शन व्हावं, मान्यता यावी आणि हे वर्ष धरलं जावं. तसं झालं नाही तर शेळ्या गेल्या, वर्ष गेलं, आणि पुन्हा शिकायला पाठवण्याची घरात ताकद नव्हती. मग रोजगार हमीवर दादांच्या शेजारी एक हातोडा माझाही.

दिवाळीच्या आधी इन्स्पेक्शन ठरलं. आदल्या दिवशी मंडपवाल्याकडून खाटा आल्या. शेजारची भाड्याची खोली रिकामी करून तिथं वॉर्ड लावला. कोपरे मोडलेल्या चादरी, प्रत्येक खाटेला चार्ट. मुली नर्स झाल्या. पण पुरुषांचा वॉर्ड दाखवायचा तर पुरुष रोगी पाहिजेत, आणि शाळेत मुलगे आम्ही दोघंच. सरांनी आम्हांला झोपवलं, खालच्या दुकानातला नोकरही झोपवला. माझ्या डोक्याला पट्टी आणि पायाला खालून फळी लावून बँडेज. सोबतचा मुलगा पोटदुखीचा रोगी होता, तो मला म्हणाला, "तुझी केस गंभीर हाय. बोलू नकोस, नुसतं कण्हत राहा."

तपासायला आलेल्या बाई वयस्क, जाड भिंगाच्या चष्म्याच्या. त्या वर्गखोली बघून आमच्या खोलीत आल्या आणि माझ्या खाटेशी थांबून चार्ट वाचू लागल्या. तेवढ्यात जिन्यावरून ओळखीचा आवाज आला.

"नर्सची साळा हीच का? मुरुडचं पोरगं शिकून राहिलं इथं, कुठंय?"

आत्या. दिवाळीला माहेरी निघालेली, लातूरला गाडी बदलताना मला बघायला म्हणून वर आलेली. डोक्यावर गाठोडं, हातात पिशवी. दारातून तिनं आत पाहिलं, मला पाहिलं आणि गाठोडं खाली पडलं.

"अरे माझ्या बाळा! काय झालं रे तुला? डोकं फुटलं का रे? कुणी मारलं?"

ती खाटेवर येऊन कोसळली. सर धावले. "ओ बाई, पेशंटला त्रास देऊ नका. भेटायची वेळ नाही ही."

"कशाची येळ? माझा भाचा हाय ह्यो!"

चष्म्याच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "आजी, हा कधी पडला?"

"मला काय ठाव? ह्यो इथंच शिकून राहिला की! मला कुणी चिठ्ठी धाडली न्हाई, काई न्हाई..." बोलता बोलता आत्या माझ्या डोक्यावरची पट्टी सोडत होती. जखम किती मोठी आहे हे तिला बघायचं होतं. पट्टीचे वेढे सुटत गेले, सुटत गेले आणि खाली माझे तेल लावून विंचरलेले केस निघाले. तिनं बोटांनी डोकं चाचपलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. मग तिनं शेजारच्या खाटेकडे पाहिलं, तिथं पोटदुखीचा रोगी पांघरुणात तोंड खुपसून गदगदा हलत होता.

आत्या उठली, गाठोडं उचललं आणि सरांना म्हणाली, "बैल लई समजूतदार हायेत तुमचे."

ती खाली निघून गेली. सरांना काही कळलं नाही. बाईंनाही ते कळलं नसावं, पण जे कळायचं ते कळलं होतं. त्यांनी मला उठायला सांगितलं. "ही पट्टी परत बांधून दाखव," म्हणाल्या. मी दुकानातल्या नोकराच्या डोक्यावर ती पट्टी पुन्हा बांधली. वेढे सरळ पडले. बाईंनी एक बोट पट्टीखाली सरकवून पाहिलं, फार घट्ट नाही ना म्हणून.

"हात चांगला आहे तुझा," त्या म्हणाल्या. "ज्या शाळेला दवाखाना आहे, तिथं जा."

"पण माझं वर्ष?" मी विचारलं.

"मान्यता मिळते ती मिळाल्या दिवसापासून. आज मी हो म्हटलं असतं तरी तुझं हे वर्ष धरलं नसतं. आधीचं कुणाचंच धरत नाहीत."

हे वाक्य आत्यानं ऐकलं असतं तर पुढची काही वर्षं तिला सोपी गेली असती. पण ती तेव्हा खाली दुकानाच्या पायरीवर पदरात तोंड घालून बसली होती.

मान्यता नाकारली गेली. बरोबरच्या मुली माझ्याशी बोलेनात. एक म्हणाली, "तुझ्या आत्यानं आमच्या सगळ्यांचं वाटोळं केलं." मी त्यांना बाईंचं म्हणणं सांगितलं, पण दुःखात असलेल्या माणसाला नियम ऐकवून उपयोग नसतो. घरी तर त्याहून वाईट. दादांनी त्या दिवाळीत आपल्या बहिणीशी भांडण केलं. "सगळ्यांची घरं जुळवत हिंडतीस, आन माझ्याच पोराचं मोडलंस. तुला कुणी सांगितलं होतं वर चढायला?"

"दादा, मला खरंच वाटलं रे, त्याचं डोकं फुटलं."

"फुटलंच आता."

मी दादांना समजावलं की ते वर्ष कधी धरलंच जाणार नव्हतं. त्यांनी ते मानलं नाही. आत्यानंही मानलं नाही. ती म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून बोलून राहिलास." मग ती दोन दिवस मायेच्या हाताखाली काम करत राहिली. तिसऱ्या दिवशी गाठोडं बांधून दादांसमोर उभी राहिली. "एक घर माझ्या हातानं मोडलं. दुसरं मी बघते. पोराला माझ्यासंगं नांदेडला धाड."

मी पिशवी उचलली तेव्हा दादांनी माझ्या खिशात एसटीच्या भाड्याचे पैसे घातले, दोघांचे.

नांदेडला उतरल्यावर मी शाळेच्या ऑफिसकडे निघालो. आत्यानं माझा दंड धरला. "तिकडं शेवटी." मग सबंध दुपार आम्ही दवाखान्याच्या आवारात काढली. निंबाखाली रोग्यांचे नातेवाईक भाकरी खात बसले होते, आत्या त्यांच्यात बसली. "इथल्या शिकाऊ पोरी रातीला येतेत का बघायला? का निसत्या हजेरीला?" एका बाईनं सांगितलं की तिच्या नवऱ्याला बेडपॅन देणारी शिकाऊच होती आणि तिनं तोंड वाकडं केलं नाही. मग आत्या आवारातल्या नळाशी गेली, तोटी सोडून पाहिली, पाणी आलं, ओंजळीनं प्याली. "गोदामाय हाय, दुष्काळातबी येतंय," असं स्वतःशीच म्हणाली. पायऱ्यांवर गणवेशातल्या दोन मुली शेंगा खात होत्या. त्यांना तिनं एकच विचारलं, "पोरींनो, हे कपडे कुणाकडून शिवता?"

त्यांनी इतवारा भागातल्या एका शिवणकाम करणाऱ्या चाचीचा पत्ता दिला. मला वाटलं, आता आत्या माझ्या गणवेशाचा भाव करणार. पण अजून शाळेत नावही नव्हतं.

चाची मशिनीवर बसली होती, भोवती पांढरं कापड. आत्यानं दारातच विचारलं, "ह्या साळंतून शिकून बाहेर पडलेली पोरं कुठं असतेत हो?"

चाचीनं सुई वर केली. "पास हुए सो बच्चे नोकरी का डिरेस सिलाने कू मेरेकनेच आते. कोई किनवट गया, कोई इस्लापूर गया. नाप मेरे पास हैच. एक तो अब मोटी हो गई, मैं बोली, नाप बदल."

"आन कुणी परत आलं? नोकरी न्हाई लागली म्हणून?"

चाचीनं जरा विचार केला. "एक आई थी. शादी का जोडा सिलाने."

आत्या समाधानानं हसली. रस्त्यावर आल्यावर मला म्हणाली, "ह्या घरातल्या सुना नांदतेत. आता चल ऑफिसात."

मेट्रन उंच, आवाजानं करड्या. त्यांनी खुर्ची दिली नाही, चहा तर नाहीच. माझी बारावीची गुणपत्रिका पाहिली आणि विचारलं, "बारावीनंतर काय केलंस?" मी खरं ते सांगितलं. लातूरला शिकत होतो, शाळेला मान्यता नव्हती.

त्या म्हणाल्या, "ते वर्ष इथं धरता येणार नाही. एक दिवससुद्धा नाही."

मी मान खाली घातली. आत्या पुढं झाली.

"बाई, ते धरूच नका. मी काय म्हणते, पोरगं एकदा दिलं होतं, पण ते लगीन लागलंच न्हाई. मंडप खोटा, वऱ्हाडी खोटे, रोगी खोटे. मग पोरगं कोरंच की न्हाई? बिजवर म्हणून नका बघू त्याच्याकडं."

मेट्रन पहिल्यांदा हसल्या, आणि हसल्यावर फार निराळ्या दिसल्या. "आजी, मी तेच सांगतेय. बदलीचा अर्ज घेऊन आला असता तर मला परत पाठवावं लागलं असतं. नवा उमेदवार म्हणून अर्ज करू दे. मुलांच्या जागा थोड्या आहेत, गुण चांगले आहेत. नंबर लागला तर पहिल्या दिवसापासून शिकेल."

नंबर लागला. पुढच्या वर्षी मी पहिल्या दिवसापासून शिकलो. चादरीचे कोपरे मोडायचा तास आला तेव्हा मला ते येत होते. तेवढी एक गोष्ट मी लातूरहून बरोबर आणली होती, आणि तिला कुणाची मान्यता लागली नाही. विद्यावेतनात जेवण भागे. पहिल्या आठवड्यात मी नळाखाली हात धुतले, कोपरापर्यंत, फळ्यावर काढलेल्या चित्राप्रमाणे, आणि पाणी वाहताना पाहून मला गावाची इतकी आठवण आली की मी तोटी लवकर बंद केली. मागून सिस्टर ओरडल्या, "अरे, अजून धू. इथं पाणी वाचवायचं नसतं."

आत्या हदगावहून कुठल्याही निमित्तानं येई. निंबाखाली बसून मला ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊ घाली आणि शेजारच्या अनोळखी बायकांना सांगे, "आमचं हाय. इथं नांदून राहिलंय." बरोबरची मुलंच लाजायची. मी लाजत नव्हतो. पण दर वेळी निघताना ती एक वाक्य बोलायचीच, "माझ्यापायी तुझं एक वरीस गेलं." मी नाही म्हणायचो. ती ऐकायची नाही. आमच्या घरी दादांचं आणि तिचं बोलणं सुरू झालं होतं, पण दादा तिला दिवाळीला आणायला मुराळी पाठवत नव्हते. ती आली तर आपली आपण यायची, आणि माहेरवाशिणीला कुणी न्यायला न येता तिनं आपणहून येणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही.

पुढं मी पास झालो, नोकरी लागली, चाचीकडं नोकरीचा ड्रेस शिवला. काही वर्षांनी डिप्लोमावाल्यांसाठी असलेल्या नर्सिंगच्या पदवीला अर्ज केला. नंबर लागला. प्रवेश घेतला त्या दिवशी काउंटरच्या रांगेत एक ओळखीचा चेहरा भेटला, आणि घरी आल्यावर मी आत्याला पत्र लिहिलं. तिचं शिक्षण चौथीपर्यंत. ती बोट ठेवून, ओठ हलवत वाचते. म्हणून अक्षर मोठं काढलं. ते पत्र तिनं पुढं जपून ठेवलं. तिच्याकडून मागून घेऊन ते इथं उतरवतो.

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम.

अक्षर मोठं काढलं आहे. कुणाकडून वाचून घेऊ नकोस, तूच वाच. घाई करू नकोस.

पदवीला माझा नंबर लागला. आपल्या घरात पहिलाच. काउंटरवरच्या साहेबांनी नांदेडच्या शाळेचे कागद उलटून पाहिले, मान्यता पाहिली आणि शिक्का मारला. काही विचारलं नाही. मला वाटलं होतं काहीतरी विचारतील, म्हणून मी उत्तरं पाठ करून गेलो होतो.

आता महत्त्वाचं. माझ्या मागं रांगेत कोण होतं माहीत आहे? लातूरचा तो पोटदुखीचा रोगी. तू पट्टी सोडलीस तेव्हा पांघरुणात हसत होता तोच. तो त्या शाळेतच थांबला होता. दोन वर्षांनी त्यांनी दवाखाना जोडला, शाळेला खरोखर मान्यता मिळाली, शाळा आता चांगली चालते म्हणे. पण त्याचं आधीचं काही धरलं नाही. त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तो माझ्या मागून पास झाला. मी त्याला तुझ्याबद्दल सांगितलं, तर तो म्हणाला, तुझ्या आत्याला माझा नमस्कार सांग, आणि म्हणावं, माझ्याही डोक्यावरची पट्टी तेव्हाच सोडायला पाहिजे होती.

म्हणजे आत्या, माझं वर्ष तुझ्यापायी गेलं नाही. ते धरलं जाणारच नव्हतं. तू ते मला लवकर दाखवलंस, एवढंच झालं. मी हे आधीही सांगितलं, तू मानलं नाहीस. आता दुसऱ्याच्या तोंडून ऐक. तू चौकशी तशीच करतेस ना.

इथवर लिहिलेलं पत्र मी दादांना वाचून दाखवलं. ते ऐकून बाहेर गेले. बऱ्याच वेळानं आले आणि म्हणाले, जयंतीला सगळ्यांच्या लेकी येतील, हदगाववालीला आणायला कुणी जाणार आहे की नाही? मायेनं विचारलं, तुम्ही जाता का? तर म्हणाले, माझं पाऊल दुखतंय, पोराला पाठव.

तर जयंतीच्या आदल्या दिवशी मी येतो. गुडघ्याला लावायचं मलम आणतो, ते दिवसातून दोनदा लाव, चोळू नकोस. चाचीकडं तुझ्यासाठी झंपर शिवायला टाकला आहे. माप मी अंदाजानं सांगितलं, त्या म्हणाल्या, मला आठवतंय.

स्टँडवर येऊ नकोस. गाठोडं बांधून दारात बसू नकोस. घरातच थांब. मुराळ्यानं दारात येऊन हाक मारायची असते.

तुझा,
मुरुडचा भाचा